उद्याच्या भयापोटी आजचा जीव

ज्या जिवाने आपले काही बिघडवलेले नाही, जो आज आजारीही दिसत नाही, त्याला केवळ 'उद्या याच्यापासून धोका होऊ शकेल' एवढ्याच कारणावरून मारावे काय?

प्रश्न कीर्तनाच्या पूर्वरंगात शोभेल असा आहे. पण आपल्या ब्रिटिश कोलंबियात २०२५ साली जवळजवळ वर्षभर तो न्यायालयात, वर्तमानपत्रांत आणि आपल्या घरांतल्या जेवणाच्या टेबलांवरही घोळत होता. कूटने भागातल्या एजवूड या लहानशा गावी शहामृगांचा एक फार्म होता. डिसेंबर २०२४ मध्ये तिथले पक्षी मरू लागले. ३१ डिसेंबरला बर्ड फ्लूचे, म्हणजे एच५एन१ या विषाणूचे, निदान पक्के झाले आणि कॅनडाच्या अन्न तपासणी संस्थेने सगळा कळप नष्ट करण्याचा आदेश काढला. ६९ शहामृग दगावले. उरलेले मात्र तगले आणि पुन्हा हिंडू-फिरू लागले. मालकांचे म्हणणे असे, की हे पक्षी आता निरोगी आहेत, त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती आली आहे; हवे तर पुन्हा तपासा, पण मारू नका. सरकारचे म्हणणे असे, की कळप दिसायला निरोगी असला तरी त्यात विषाणू दडून राहू शकतो आणि राहिला तर तो बदलू शकतो. प्रकरण वरच्या न्यायालयांपर्यंत गेले. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला आणि त्याच रात्री तीनशेहून अधिक शहामृग गोळ्या घालून मारण्यात आले.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्याकडे कोक्विटलामला तीन-चार कुटुंबे जेवायला जमली होती. विषय निघालाच. एक काकू कळवळून म्हणाल्या, "अगं, दुखण्यातून उठलेल्याला कुणी मारतं का? हे कसलं शास्त्र?" माझी मुलगी आरोग्यसेवेत काम करते. ती म्हणाली, "काकू, तुमच्या डोळ्यांपुढे ते पक्षी आहेत. माझ्या डोळ्यांपुढे कोविडच्या काळातला वॉर्ड आहे." टेबलावर क्षणभर कोणी बोलेना. मला त्या दोघींचेही पटत होते, आणि म्हणूनच हा विषय माझ्या मनातून जाईना. मी काही शास्त्रज्ञ नाही. पण या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर आधी विषाणू 'बदलतो' म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेणे भाग आहे, असे वाटले म्हणून वाचत गेले. जे उमगले ते आपल्यापुढे ठेवते.

आपल्याकडे छापखाने येण्यापूर्वी पोथ्या हाताने उतरवून काढत. नक्कल करणारा कितीही श्रद्धावान असला तरी कुठे काना राहायचा, कुठे ओळ गळायची, कुठे शेजारच्या पानावरची ओळ इकडे यायची. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे इतके पाठभेद शिरले, की जवळजवळ तीनशे वर्षांनी, १५८४ साली, एकनाथ महाराजांना बसून पाठशुद्धी करावी लागली. फ्लूच्या विषाणूचे आयुष्य म्हणजे असेच निव्वळ नकला काढणे आहे. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिला कामाला लावून स्वतःच्या असंख्य प्रती काढतो. त्याची संहिता आरएनएच्या आठ तुकड्यांत लिहिलेली असते आणि त्या उतरवताना सतत चुका होतात. कोरोना विषाणूजवळ निदान चुका तपासणारी एक यंत्रणा असते. फ्लूच्या विषाणूजवळ तीही नाही. त्याच्या पोथीला कोणी एकनाथ नाही. बहुतेक चुका निरर्थक असतात, पुष्कळशा विषाणूलाच मारक ठरतात. पण कोट्यवधी प्रतींत एखादी चूक अशी निघते, की तिच्यामुळे विषाणू नव्या पेशीला अधिक घट्ट चिकटू शकतो किंवा नव्या प्राण्याच्या अंगात वाढू शकतो. मग तीच प्रत पुढे चालते.

याचे अगदी घराजवळचे उदाहरण आहे. आपल्या कोक्विटलामहून हायवेने पूर्वेकडे तासाभराच्या आत अॅबट्सफोर्ड लागते. तिथे फेब्रुवारी २००४ मध्ये एका पोल्ट्री फार्मवर एच७एन३ हा फ्लू शिरला. त्या फार्मवर कोंबड्यांची दोन खुराडी होती. पहिल्यातल्या कोंबड्यांना आजार सौम्य होता. दुसऱ्या खुराड्यात तोच विषाणू गेला आणि कोंबड्या पटापट मरू लागल्या. शास्त्रज्ञांनी दोन्हींची संहिता ताडून पाहिली तेव्हा कळले, की मधल्या काळात विषाणूच्याच दुसऱ्या जनुकातला २१ अक्षरांचा तुकडा नको त्या जागी येऊन बसला होता. शेजारच्या पानावरची ओळ इकडे आली, म्हणतात ना, तसेच! त्या एवढ्याशा भरीने एक मोठा फरक पडला. आधी जो विषाणू कोंबडीच्या आतड्यांत आणि श्वासनलिकेतच वाढू शकत होता, तो आता तिच्या सगळ्या शरीरात वाढू लागला. रोग फ्रेझर व्हॅलीभर पसरला आणि तो आवरेपर्यंत सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी काढून टाकावे लागले. साथ आवरण्याच्या कामातल्या दोन माणसांनाही लागण झाली. सुदैवाने ती डोळे येण्याइतकी किरकोळ होती.

विषाणू बदलण्याची दुसरी रीत याहून वेगवान आहे. एकाच पेशीत दोन जातींचे फ्लू एकदम शिरले, तर त्यांचे आठ-आठ तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि नवाच डाव तयार होतो. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच उद्भवल्या. २००९ च्या स्वाइन फ्लूत डुक्कर, पक्षी आणि माणूस अशा तिन्ही घराण्यांचे तुकडे एकत्र आले होते. त्या साथीतला भारतातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात गेला, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी रात्री-अपरात्री पुण्याला फोन लावले असतील!

आता माणसाला खरा धोका किती? एच५एन१ माणसात प्रथम दिसला तो १९९७ साली हाँगकाँगमध्ये. १८ जण आजारी पडले, त्यांतले ६ दगावले. वर्षअखेरीस तिथल्या सरकारने शहरातल्या झाडून सगळ्या कोंबड्या, म्हणजे दहा लाखांहून अधिक पक्षी, मारले आणि माणसांतली लागण थांबली. विषाणू पृथ्वीवरून गेला नाही; त्याचे वंशज पुढे जगभर पसरले. २००३ पासून ९०० हून अधिक माणसांना त्याची बाधा झाल्याची नोंद आहे आणि त्यांतली जवळपास निम्मी दगावली. सौम्य आजाराची नोंद होत नाही, त्यामुळे खरे प्रमाण याहून कमी असेल. तरी आकडा अंगावर काटा आणतो. एक दिलासा असा, की हा विषाणू अजून माणसातून माणसात सहज जात नाही. पक्ष्यांच्या पेशींचे कुलूप निराळे आणि आपल्या नाका-घशातल्या पेशींचे निराळे. त्याच्याजवळची किल्ली अजून पक्ष्यांच्याच कुलपाची आहे.

पण ती किल्ली कानशीने घासली जाऊ शकते, हे आपल्या शेजारीच दिसले. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रेझर व्हॅलीतली एक किशोरवयीन मुलगी एच५एन१ ने अत्यवस्थ झाली. कॅनडातच लागण होऊन माणसाला हा रोग झाल्याचे ते पहिले उदाहरण. डॉक्टरांनी शर्थ केली, फुप्फुसांचे काम यंत्रावर घेतले आणि ती वाचली. लागण कुठून झाली ते अखेर सापडले नाही. पण विषाणू त्या भागातल्या रानपक्ष्यांतल्या विषाणूशी जुळणारा होता. तिच्या शरीरातल्या काही प्रतींत, माणसाच्या पेशीला पकडण्यासाठी नेमकी जी जागा महत्त्वाची, तिथेच बदल दिसू लागले होते. ती साखळी तिच्याजवळच संपली, दुसऱ्या कोणालाही लागण झाली नाही. ती तिथे संपली नसती तर? सरकारी आदेशांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो.

विषाणूला आपल्याशी वैर नाही. तो कट रचत नाही, वाट पाहत नाही, शिकतही नाही. तो फक्त प्रती काढतो. धोका आहे तो प्रतींच्या संख्येत. एक आजारी पक्षी म्हणजे फासे काही वेळा टाकणे. एकाच छपराखाली दाटीने ठेवलेले वीस हजार आजारी पक्षी म्हणजे तेच फासे दिवसरात्र टाकत राहणे. म्हणून माझ्या मुलीच्या बोलण्यात तथ्य आहे. आपल्याला शहामृग दिसतो, त्याचे डोळे दिसतात, म्हणून दया येते. ज्यांना उद्या बाधा होईल त्यांचे चेहरे आज दिसत नाहीत; पण ते नाहीत असे नव्हे. दिसणाऱ्यावर दया आणि न दिसणाऱ्याची उपेक्षा, याला करुणा म्हणता येईल काय?

आपल्या परंपरेला हा पेच नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन आहे. तिथे माउलींनी एक जीव वाचवण्यासाठी दुसरा जीव घ्यायला सांगणाऱ्या वैद्यकावरही बोट ठेवले आहे. म्हणजे 'चांगल्या हेतूने केले' एवढ्यावर हिंसेचा हिशेब मिटत नाही, हे त्यांनी सातशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले. दुसऱ्या टोकाला १९२६ सालची अहमदाबादची हकिगत आहे. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी पिसाळण्याचा धोका असलेली साठ भटकी कुत्री मारवली. (रेबीजही विषाणूचाच रोग.) शहरात गहजब झाला आणि लोक गांधीजींकडे गेले. अहिंसेचा पुजारी धिक्कार करील अशी त्यांची अपेक्षा! गांधीजींनी साराभाईंची बाजू घेतली. दुसरा उपायच काय होता, असा त्यांचा सवाल होता. संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला, तेव्हा त्यांनी 'यंग इंडिया'तून लेखमाला लिहून उत्तर दिले. त्यांचा रोख असा, की रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा टाकून पुण्य जोडणारा, पण त्याची जबाबदारी न घेणारा समाजच त्या कुत्र्यांच्या मरणाला कारण आहे.

माउली आणि गांधीजी इथे एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत असे वरवर पाहता वाटते. मला तसे वाटत नाही. कधीकधी मारणे अपरिहार्य होते, हे गांधीजी सांगतात. अपरिहार्य झाले म्हणून ते निर्मळ होत नाही, हे माउली सांगतात. दोन्ही एकदम मनात धरणे अवघड आहे, पण एजवूडच्या प्रश्नाला याहून सोपे उत्तर मला तरी सापडलेले नाही.

कारण भयाला लगाम नसला तर काय होते तेही आपण पाहिले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्मार्कमध्ये मिंक या प्राण्यांत कोविडचा एक बदललेला प्रकार आढळला आणि सरकारने देशातले सगळे, दीड कोटीहून अधिक, मिंक मारण्याचे फर्मान सोडले. पुढे उघड झाले, की निरोगी फार्मवरचे प्राणी मारायला लावण्याचा कायदेशीर अधिकारच सरकारला नव्हता. शेतीमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. आणि त्याच सुमारास सरकारी खात्यानेच सांगितले, की तो बदललेला प्रकार बहुधा नाहीसा झाला आहे. धोका खोटा नव्हता. पण 'धोका आहे' एवढे दोन शब्द उच्चारले, की पुढचे प्रश्न विचारण्याची गरज संपते, असे सत्तेला वाटू लागले की पंचाईत होते.

आणि मंडळी, संशयाच्या कुंपणाआड एकदा आपणही उभे होतो, हे विसरून चालणार नाही. २०२१ च्या मार्चमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डचे ५ लाख डोस कॅनडात आले, तेव्हा आपली छाती फुगली होती. दुसरीकडे त्याच सुमारास महाराष्ट्रात बी.१.६१७ हा बदललेला प्रकार झपाट्याने पसरत होता. त्याच्याच एका शाखेला पुढे डेल्टा हे नाव मिळाले. २२ एप्रिल २०२१ रोजी कॅनडाने भारतातून येणारी विमाने थांबवली. ती २७ सप्टेंबरपर्यंत सुरू झाली नाहीत. या पाच महिन्यांत आपल्यातले कितीजण तिकडे अडकले, कितीजणांनी आई-वडिलांचे अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतले, ते आपण जाणतो. अडवलेल्या माणसांपैकी बहुतेक निरोगी होती. विमाने थांबली तेव्हा तो प्रकार ब्रिटिश कोलंबियात पोचलेलाही होता. बातम्यांत त्याला सर्रास 'इंडियन व्हेरियंट' म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ग्रीक अक्षरांची नावे दिली, त्याचे एक कारण हेच, की रोगाला देशाचे नाव चिकटले की त्या देशाच्या माणसांनाही ते चिकटते.

विमाने थांबवणे पूर्ण चूक होते असे मी म्हणत नाही. फासे कमी टाकले जावेत हाच त्यामागचा हेतू होता. पण ज्यांच्यावर त्याचा भार पडला त्यांना कोणी जवळ बसवून 'तुम्ही इतरांसाठी हे सोसत आहात' एवढे तरी म्हटले काय? सर्वांच्या सुरक्षिततेची किंमत काहीजण मोजतात, तेव्हा उरलेल्यांच्या डोक्यावर ते ऋण असते. ते ऋण मान्य करणे ही माझ्या मते या सगळ्यातली पहिली नैतिक अट आहे.

दुसरी अट ऋण कमी करण्याची. मारण्याचा अधिकार तोच सांगू शकतो, ज्याने मारण्याची पाळी येऊ नये म्हणून आधी सगळे केले आहे. महाराष्ट्रात फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू आला. लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या, धंदा बसला. पंधरा वर्षांनी, २०२१ च्या फेब्रुवारीत, तो पुन्हा नवापूरलाच आला आणि पुन्हा खड्डे खणले गेले. आपल्या फ्रेझर व्हॅलीतही तेच. २००४ नंतर २०२२ पासून तो जवळजवळ दर हिवाळ्यात येऊ लागला. देशभर मारल्या गेलेल्या एक कोटीहून अधिक पक्ष्यांत निम्म्याहून अधिक याच प्रांतातले. स्थलांतर करणाऱ्या बदका-हंसांचा आकाशमार्ग आपल्या डोक्यावरून जातो, त्याला इलाज नाही. पण त्याच मार्गाखाली इतके पक्षी इतक्या दाटीने आपणच ठेवले आहेत, कारण आपल्याला अंडी आणि चिकन स्वस्त हवे असते. मिंकच्या बाबतीत या प्रांताने निराळी वाट धरली. डिसेंबर २०२० मध्ये व्हॅलीतल्या मिंक फार्मवर कोविड आढळल्यावर वर्षभरात सरकारने तो धंदाच टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस टोचायला घेतली. निर्यात अडेल या भीतीने अनेक देश तसे करायला कचरतात. म्हणजे मार्ग आहेत, पण त्यांना पैसे पडतात. ते पैसे वाचवण्यासाठी आपण पक्ष्यांचे जीव खर्ची घालतो, असा याचा सरळ अर्थ.

शाकाहारी मंडळींनी 'आमचे हात स्वच्छ' म्हणून बाजूला होऊ नये. मीही शाकाहारीच आहे. मुलांच्या वाढदिवसाच्या केकमध्ये अंडी असतात, आणि विषाणू तर कोणाचे ताट पाहून घरात शिरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्याला तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. पाठोपाठ जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे मरून पडले. ज्या कावळ्याला आपण पितृपक्षात घास ठेवतो, तोही या हिशेबाबाहेर नाही.

मग आपण काय करावे? तळ्याकाठी मेलेला हंस दिसला तर मुलांना हात लावू देऊ नये, संबंधित खात्याला कळवावे. दर वर्षी फ्लूची लस घ्यावी, म्हणजे माणसाचा फ्लू आणि पक्ष्याचा फ्लू एकाच शरीरात भेटण्याची संधी कमी होईल. अंडी घेताना दोन डॉलर जास्त पडले तरी मोकळ्या जागेत, थोड्या संख्येने वाढवलेल्या कोंबड्यांची अंडी मिळतात काय ते पाहावे. मोकळे सोडलेले पक्षी रानपक्ष्यांच्या संपर्कात अधिक येतात, हेही खरे. म्हणजे इथेही निर्दोष निवड नाहीच. आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा एखादा कळप मारल्याची बातमी येईल तेव्हा 'बरे झाले' किंवा 'काय हे क्रौर्य' यांपैकी एक शब्द टाकून पान उलटू नये. ते पक्षी, त्यांना वाढवून डोळ्यांदेखत गमावणारा शेतकरी आणि अंगावर बंद पोशाख चढवून ते काम करणारी माणसे, या सगळ्यांनी आपल्या वाटचे काही उचलले आहे. त्याची जाणीव ठेवावी आणि आपल्या सोयीसाठी त्यांच्यावर ती वेळ पुन्हा किती वेळा आणायची, हे आपल्या घरात एकदा बसून बोलावे.